टॉनिक मारायच्या आधी सहा ओळी कोऱ्या सोडा

सोयाबीन ३०-३५ दिवसांचं झालंय, पावसाची उघडीप आहे, पानं जरा फिकी पडलीत. म्हणजे या आठवड्यात पंप निघणार आणि दुकानातून पीकवाढीच्या टॉनिकची डबी येणार. मारायचं तर मारा, पण अख्खं शेत मारू नका. तीन ठिकाणी सहा-सहा ओळी कोऱ्या, म्हणजे बिनटॉनिकच्या, राहू द्या. एकदा सगळीकडे पंप फिरला की या हंगामात काही कळायचा मार्ग उरत नाही.

दरवर्षी हेच बघतो. पिवळेपणा दिसला की टॉनिक, तिसऱ्या दिवशी पाऊस, आठव्या दिवशी शेत हिरवंगार आणि श्रेय डबीला. धुऱ्यापलीकडचं बिनटॉनिकचं शेतही तेवढंच हिरवं झालेलं असतं, तिकडे कोण बघतो? त्याच हिरवळीखाली खोडमाशी खोड पोखरत राहते. एका शेतात मांडीच्या वर आलेलं सोयाबीन दाखवलं होतं मला, मालक खुश. झाड उपटून पाहिलं तर शेंगा मोजक्या. खोड उभं चिरलं तर आत लालसर नागमोडी भुयार. पुढे अर्धं पीक आडवं झालं. शेजारी कोऱ्या ओळी असत्या आणि वहीत आकडे असते तर पंधरा दिवस आधी कळलं असतं.

शेतात तीन ठिकाणं निवडा: उताराला, मध्ये, चढाला. प्रत्येक ठिकाणी सहा ओळी टॉनिकच्या, सहा कोऱ्या. कुठल्या कोऱ्या ठेवायच्या ते नाणं उडवून ठरवा, नाहीतर हात आपोआप चांगल्या ओळींवर टॉनिक मारतो. कोऱ्या ओळींवर धुतलेल्या पंपाने तेवढंच साधं पाणी मारा. कीटकनाशक मारलंत तर दोन्हीकडे सारखं मारा. फरक फक्त टॉनिकचा राहिला पाहिजे.

मोजायच्या फक्त मधल्या दोन ओळी, कडेला फवारा उडतो. दर दहाव्या पावलाला पायाशी येईल त्या झाडाला रिबीन बांधा, निवडत बसू नका. अशी दहा झाडं. फवारणीच्या आदल्या दिवशी पहिलं मोजमाप, मग दर सातव्या दिवशी त्याच झाडांचं: जमिनीपासून वाढत्या शेंड्यापर्यंत. फूल सरलं की शेंगाही मोजा.

समजा दहा झाडांची उंची आली ३८, ४१, ३६, ४४, ३९, ४०, २२, ४२, ३७, ४१ सेंमी. बेरीज ३८०, सरासरी ३८. आता ते २२ वालं झाड खोडू नका. जाऊन बघा. शेंडा वाळलाय आणि खाली दोन गोल खाचा दिसतात? चक्रीभुंगा आहे, खोडाला चकत्या पाडणारी कीड. वहीत तसं लिहा. सरासरीपेक्षा हे एक झाडच जास्त सांगून गेलं.

आलेखाला नातवाच्या वहीतला चौकटीचा कागद पुरतो. आडव्या रेघेवर पेरणीपासूनचे दिवस, उभ्या रेघेवर उंची, शून्यापासून. टॉनिक लाल, कोरं निळं. प्रत्येक टिंबातून सगळ्यात बुटक्या झाडापासून सगळ्यात उंच झाडापर्यंत उभी रेघ ओढा. लाल-निळ्या रेघा एकमेकींत बऱ्याच शिरल्या तर तो फरक मी धरत नाही. फवारणीआधीचं पहिलं टिंबच वेगळं पडलं असेल तर दोष जमिनीचा, गुण डबीचा नाही.

दुकानातल्या पत्रकावरचा आलेख हातात आला तर आधी उभ्या रेघेचा तळ बघा. ४० पासून सुरू केली की ४४ हे ४२ च्या दुप्पट दिसतं.

कोरा पट्टा ही काही माझी लहर नाही. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाच्या प्रयोगात एक पट्टा बिनखताचा ठेवलाय, अजून मोजतात.

उंचीवर भाळू नका. माझा अंदाज, पुस्तकातला नाही: दोन पेरांतलं अंतर चार बोटांच्या वर गेलं की पीक माजलं, तिथे शेंगा कमीच.

खरा हिशोब काढणीला. दोन ओळी (४५ सेंमी अंतराच्या) ११ मीटर १० सेंमी लांब कापल्या की १० चौरस मीटर. वाळवून, मळून तोला. १ किलो म्हणजे एकरी ४ क्विंटल. टॉनिकच्या बाजूला ५० ग्रॅम जास्त निघालं तर एकरी २० किलो. २०२५-२६ च्या ५३२८ रुपये हमीभावाने साधारण १०६५ रुपये. डबी आणि मजुरी त्याच्या वर गेली असेल तर पुढच्या वर्षी युरियासोबत लिंकिंग करणाऱ्याला, म्हणजे युरिया हवा तर टॉनिकही घ्या म्हणणाऱ्याला, वही दाखवा. २०२१ पासून जैव उत्तेजकं, म्हणजे ही टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आहेत, पक्कं बिल मागायचंच.

बाकी कामं:
- फुलोऱ्याआधी शेवटची कोळपणी
- साचलेलं पाणी चर काढून बाहेर
- उघडीप लांबली तर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) फवारा, १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम
- पक्षीथांबे, अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला
- खोडमाशी, चक्रीभुंगा वाढला तर क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक, एकरी ६० मिली

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि शिसपेन्सिलीने लिहा, शाईपेनाचे आकडे पहिल्याच सरीत धुऊन जातात.