जुनी रहस्यकादंबरी दुसऱ्याला कशी सुचवावी

भरपूर वाचणाऱ्या माणसाला गाजलेल्या नावांची यादी देऊन उपयोग नसतो, ती त्याला पाठ असते. त्याला एकच पुस्तक सुचवावं, आणि तेच का, हेही सांगावं. त्यासाठी आधी त्याच्याकडून थोडी माहिती काढून घ्यावी लागते.

१. अर्धवट टाकलेल्या पुस्तकाबद्दल विचारा

"तुला काय आवडतं?" असं विचारलं की "रहस्यकथा" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा "अलीकडे कुठलं पुस्तक मध्येच सोडलंस, आणि का?" असं विचारा. सोडण्याची कारणं माणूस नेमकी सांगतो: पात्रांची गर्दी झाली, वर्णनं संपेनात, खुनी लगेच ओळखू आला.

हा प्रश्न न विचारल्याचा तोटा मी अनुभवला आहे. वेगवान थ्रिलर वाचणाऱ्या एका मैत्रिणीला मी अर्स्किन चिल्डर्सची 'द रिडल ऑफ द सँड्स' (१९०३) दिली. हेरकथांमधली ही अगदी सुरुवातीची कादंबरी मला जीव की प्राण आहे. शिडाची लहानशी बोट, दोन मित्र, जर्मनीचा उथळ वालुकामय किनारा आणि धुकं. मैत्रिणीने साठाव्या पानाशी पुस्तक मिटलं. नकाशे आणि भरती-ओहोटीचे हिशेब तिला वाचवत नाहीत, हे मला एका प्रश्नात कळलं असतं. तिला जॉन बकनची 'द थर्टी-नाइन स्टेप्स' (१९१५) द्यायला हवी होती. लहानशी कादंबरी, आणि नायक सुरुवातीपासून जीव मुठीत धरून पळतोय.

२. त्याची उत्सुकता कुठल्या जातीची आहे ते ओळखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वरवर सारखी दिसणारी ही पुस्तकं वाचकाला वेगवेगळ्या प्रश्नांनी बांधून ठेवतात.

"कोणी केलं?" हा प्रश्न ज्याला छळतो, त्याच्यासाठी अगाथा ख्रिस्ती आहेच. पण तिची पुस्तकं त्याने वाचलेली असणार. मग जपानकडे वळा. सेइचो मात्सुमोतोच्या 'पॉइंट्स अँड लाइन्स' (१९५८) मध्ये तपास रेल्वेच्या वेळापत्रकावर फिरतो. मिनिटामिनिटाचा हिशेब मांडत बसणाऱ्या वाचकाला यात खरा आनंद मिळतो.

"सापडेल का?" हा प्रश्न वेगळा. फ्रान्सिस आइल्सच्या 'मॅलिस अफोरथॉट' (१९३१) मध्ये डॉक्टरने बायकोला मारायचं ठरवलंय, हे पहिल्याच वाक्यात कळतं. फ्रेडरिक फोर्सिथने 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) मध्ये त्याहून अवघड काम केलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हत्येचा हा कट. ते १९७० मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेले, म्हणजे कट फसणार हे वाचकाला आधीच ठाऊक. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. शेवट कळला की मजा गेली, असं मानणाऱ्याला हे पुस्तक जरूर द्या.

काहींना कोड्यापेक्षा माणसात रस असतो. त्यांना जॉर्ज सिमेनॉनचा इन्स्पेक्टर मेग्रे द्यावा. त्याच्या ७५ कादंबऱ्या आहेत, बहुतेक एका बैठकीत संपणाऱ्या, आणि कुठूनही सुरुवात केली तरी चालते. पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिपली' (१९५५) मात्र जरा जपून सुचवा. तिथे गुन्हेगार सापडू नये असं वाचकालाच वाटू लागतं, आणि ते सगळ्यांना झेपत नाही.

३. संथ पानांची कल्पना आधीच द्या

जुन्या पुस्तकाचा वेग वेगळा असतो. ते लपवलं की वाचक फसवल्यासारखा होतो. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८) जाडजूड आहे आणि घरचा वयस्कर कारभारी ती ऐसपैस सांगायला बसतो. पण ती मुळात एका साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली होती. म्हणून "रोज दोन-तीन प्रकरणं वाच" असं मी सांगतो. मग प्रत्येक हप्त्याच्या शेवटी लावलेली हुरहूर जाणवते. कारभाऱ्यानंतर निवेदक बदलत जातात, आणि तीच घटना नव्या नजरेतून दिसू लागते. तिथवर थांब, एवढं सांगितलं की पुरतं.

४. रहस्य राखा

"शेवट तर असा आहे ना!" हे वाक्यसुद्धा तोंडातून जाऊ देऊ नका. ते ऐकल्यापासून वाचक प्रत्येक पात्राकडे संशयाने बघतो आणि लेखकाने रचलेला सापळा निम्मा मोडतो. स्थळ, काळ, पहिल्या काही पानांत घडणारी घटना आणि लिहिण्याची ढब, इतकंच बोला. अभिजात पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत अभ्यासकांच्या प्रस्तावना असतात आणि त्यात खुन्याचं नाव सर्रास सांगितलेलं असतं. "प्रस्तावना शेवटी वाच" हे न विसरता बजावा.

५. नाव आणि आवृत्ती तपासा

एकच पुस्तक दोन नावांनी मिळतं. एरिक अँब्लरची 'द मास्क ऑफ दिमित्रिओस' (१९३९) अमेरिकेत 'अ कॉफिन फॉर दिमित्रिओस' झाली. दोन्ही नावं लिहून दिलीत तर समोरचा तेच पुस्तक दोनदा विकत घेणार नाही. मालिका असेल तर क्रमही सांगा. मेग्रेत तो महत्त्वाचा नाही. पण माय शॉवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीच्या १० कादंबऱ्या (१९६५ ते १९७५) पहिल्यापासूनच वाचाव्यात, कारण त्यातल्या पोलिसांची आयुष्यंही पुढे सरकत जातात.

त्या काळचे पूर्वग्रहही या पानांत आहेत. बकनच्या वर सांगितलेल्या कादंबरीत एका पात्राच्या तोंडी ज्यूंविषयी विखारी बोलणं आहे. पुस्तक देतानाच हे सांगावं, म्हणजे वाचायचं की नाही हे समोरचा स्वतः ठरवतो.

६. पुस्तक परत आल्यावर

"आवडलं का?" म्हणू नका. "कितव्या पानावर कोणाचा संशय आला?" असं विचारा. संशय कुठल्या तपशिलावरून आला ते तो रंगून सांगेल. ते नीट ऐका. पुढचं पुस्तक त्यावरूनच निवडायचं आहे.