चार मिलिमीटरच्या जिवाचं वर्णन लिहिताना

खोल समुद्रातला अँफिपॉड, म्हणजे कोळंबीचा छोटा कवचधारी नातलग, हाती आला आणि नवी प्रजाती वाटला की नावाचा विचार नंतर, आधी एक पाय डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये काढून ठेवा. फॉर्मलिनमध्ये तो वाया जातो. मी नमुना ग्लिसरीनच्या थेंबात आडवा ठेवते आणि बारीक सुयांनी एकाच बाजूचे अवयव सोडवते. दुसरी बाजू शाबूत राहायलाच हवी. नुसत्या जबड्याच्या चित्रांना मला दोन दिवस लागतात. एकेक केस मोजा, कधी कधी त्यावरच प्रजाती ठरते. मग जवळच्या प्रजातींशी ताडून पाहा. होलोटाइप, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो नमुना, एकच निवडा, संग्रहालयात जमा करा, क्रमांक लिहा. फक्त ऑनलाइन प्रसिद्ध करणार असाल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी हवीच. नाव मात्र मनापासून द्या. मारियाना गर्तेतल्या यूरिथेनीस या प्रकारच्या एका अँफिपॉडच्या पोटात प्लास्टिकचा तंतू सापडला, म्हणून २०२० साली त्या प्रजातीचं नाव प्लास्टिकस ठेवलं गेलं.