वाड्याच्या आतले फोटो काढताना या चुका टाळा

दुसऱ्या बाजीरावाने बांधून घेतलेल्या पुण्यातील विश्रामबाग वाड्यासारख्या वास्तूत डोळ्यांना जे दिसते ते फोटोत उतरत नाही, तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो. चौकातले ऊन आणि सोप्यातला अंधार यांतला फरक डोळा सहज सांभाळतो. कॅमेऱ्याला मात्र तो एका फोटोत पेलत नाही, आणि मग एक तर चौक पांढराफटक पडतो, नाही तर खांब काळेठिक्कर होतात.

अशा वेळी फ्लॅश मारणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. सुरूच्या झाडाच्या आकाराच्या लाकडी खांबावरचे (सुरूच्या खांबावरचे) कोरीवकाम उठून दिसते ते चौकातून आडव्या येणाऱ्या उजेडामुळे, प्रत्येक पाकळीच्या एका कडेला बारीक सावली धरली जाते म्हणून. समोरून पडणारा फ्लॅश नेमकी तीच सावली पुसून टाकतो आणि तेलपाणी केलेल्या लाकडावर पांढरा डाग उमटवतो. त्याऐवजी कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचे माप) १०० ते २०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र) एफ/८ ठेवावे, आणि कॅमेरा न हलवता तीन फोटो घ्यावेत: एक योग्य उजेडाचा, एक दोन स्टॉप कमी (म्हणजे एक चतुर्थांश उजेडाचा) आणि एक दोन स्टॉप जास्त (म्हणजे चौपट उजेडाचा). हे तिन्ही नंतर जोडताना माजघराचा कोपरान्‌कोपरा उजळू नये, कारण तिथला अंधार हा त्या घराच्या रचनेचाच भाग आहे.

खांब माथ्याशी एकमेकांकडे झुकलेले दिसत असतील, तर कडीपाट (तुळया-फळ्यांचे लाकडी छत) चौकटीत यावा म्हणून कॅमेरा वर कलवला गेला आहे असे समजावे. कॅमेरा कंबर ते छातीच्या उंचीवर अगदी समतल ठेवावा आणि शक्य तितके मागे सरकावे. मागे भिंत आली म्हणून फोनवरची ०.५ची अतिरुंद लेन्स लावली, तर लहानसा खण (दोन खांबांमधली जागा) दरबारासारखा भासतो आणि कडेचे खांब ताणले जातात. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीच्या आसपासची लेन्स बहुतेक वेळा पुरते.

भिंत नारिंगी आणि फरशी निळसर आली, तर पिवळे दिवे मालवून पाहावे. उजेडाच्या रंगछटेच्या केल्विन या मापात दिव्याचा उजेड सुमारे ३००० केल्विनचा आणि दिवसाचा सुमारे ५५०० केल्विनचा असल्याने व्हाइट बॅलन्सची (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीच्या सेटिंगची) एकच मात्रा दोन्हींना लागू पडत नाही.

माडीवर आणखी एक अडचण येते. तिथली जमीन लाकडी असते, त्यामुळे शटर सेकंदभर उघडे असताना कोणी जिना चढले, तरी ट्रायपॉडवरचा फोटोसुद्धा हलतो. फक्त माणूस पुसट आला असेल, तर तो चालत होता. पण खांबाची कडही दुहेरी दिसत असेल, तर जमीन थरथरली आहे. पावले थांबेपर्यंत वाट पाहावी, दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि निघण्यापूर्वी तुळईवरच्या एखाद्या खिळ्याचे डोके पडद्यावर मोठे करून तपासावे.