'दरब'चा अर्थ लावताना आधी शेजारचा शब्द पाहा

अरबी व्याकरण उघडलं की सुरुवातीलाच ज़ैद अम्रला मारताना भेटतो: 'दरब ज़ैदुन अम्रन'. कर्ता-कर्म समजावायला वैयाकरणांनी शतकानुशतकं हेच वाक्य वापरलंय. त्यामुळे दाद-रा-बा या तीन अक्षरांच्या धातूचा 'मारणे' हा अर्थ डोक्यात घट्ट बसतो. कुराणातलं 'दरबल्लाहु मसलन' पहिल्यांदा वाचलं तेव्हा दृष्टान्ताला कुणी का मारावं, याच्यापाशी मी संध्याकाळभर अडकले होते. अर्थ साधा आहे: अल्लाहने दृष्टान्त दिला.

सुटका आपल्याच भाषेने केली. आपण हाक मारतो, गाठ मारतो, फेरी मारतो, शिक्का मारतो. मार कुणालाच बसत नाही. 'दरब' अगदी तसंच वागतं, म्हणून क्रियापदावर न थांबता त्याचं कर्म आणि शब्दयोगी अव्यय आधी शोधायचं.

'फी' (मध्ये) आणि पुढे 'अर्द', म्हणजे जमीन, आली तर प्रवास (कुराण 4:101, म्हणजे सूरा 4, आयत 101). 'फी'च्या दोन्ही बाजूंना संख्या असतील तर गुणाकार. कर्म 'खैमा' असेल तर तंबू ठोकला. 'अला'सोबत (वर) कान आले तर झोप: 18:11 मध्ये गुहेतल्या तरुणांच्या कानांवर 'दरब' होतं, म्हणजे त्यांना गाढ झोपवलं जातं. ही जागा मला फार आवडते. ऐकू येणं बंद झालं की झोप लागली, हे किती नेमकं आहे!

'बि' या अव्ययापाशी मात्र सावकाश जा. 2:60 मध्ये मूसा काठीने खडकावर प्रहार करतो, तिथे 'बि' साधन दाखवतं. उमय्या खलिफांच्या काळातल्या दिरहमांवर (चांदीच्या नाण्यांवर) 'दुरिब' (पाडला गेला) नंतर येणारा 'बि' टांकसाळीचं ठिकाण सांगतो: हा दिरहम अमुक गावी पाडला.

साधित रूपांत 'इद्तरब' म्हणजे अस्वस्थ होणं, खवळणं. त्यातला 'ता' मूळ धातूचा नाही, तो वगळून कोशात शोधा. 'इद्राब' म्हणजे संप, 'दरीबा' म्हणजे कर. फारसीत 'दाद'चा उच्चार 'ज़' झाला, म्हणून आपल्याकडे जरब आली आणि सतारीची मिजराबही (तारा छेडायची नखी).

कोश पाहताना एक लक्षात ठेवा. आजचे बहुतेक कोश पहिल्या मूळाक्षराने लावलेले असतात, पण इब्न मंज़ूर या जुन्या कोशकाराचा 'लिसान अल-अरब' मुळात शेवटच्या अक्षराने लावलेला आहे. तिथे 'दरब' हवं असेल तर आधी 'बा'चं प्रकरण उघडा, मग त्यात 'दाद'.