परदेशात टिप कशी द्यावी: इंटर्नशिपसाठी निघालेल्या अभियंत्यांकरिता

परदेशातील इंटर्नशिपचा अर्ज मंजूर झाला की विद्यार्थ्याच्या हाती सूचनांची लांबलचक यादी पडते आणि तिच्यात टिपविषयी बहुधा एकच ओळ असते: सगळीकडे दहा टक्के द्यावेत. हा सल्ला अमेरिकेत अपुरा पडतो, जपानमध्ये समोरच्या माणसाला अवघडून टाकतो आणि सिंगापूरच्या अनेक रेस्टॉरंटांत तर एकाच सेवेचे पैसे दोनदा द्यायला लावतो, कारण तिथे दहा टक्के सेवाशुल्क बिलात आधीच धरलेले असते. कामानिमित्त मी अनेक देशांत राहिलो आहे आणि इंटर्नशिपला जाणाऱ्या मुलामुलींना दरवर्षी हे सारे पुन्हा समजावून सांगतो. टक्केवारी पाठ करण्याआधी, त्या देशात वाढणाऱ्याचा पगार मुख्यतः मालक देतो की गिऱ्हाईक, एवढे जाणून घ्यावे. बाकीचे बहुतेक सगळे त्यातूनच उलगडत जाते.

१. अर्जाच्या वेळीच खर्चात टिप धरा

अमेरिकेत जे-१ व्हिसावर इंटर्नशिपला जाणाऱ्याला आपल्या राहण्याजेवण्याच्या खर्चाची सोय असल्याचे प्रायोजक संस्थेला दाखवावे लागते. हा हिशेब मांडताना बहुतेक जण रेस्टॉरंटच्या मेन्यूवरील किमती जशाच्या तशा धरतात आणि तिथेच फसतात, कारण त्या किमतींत विक्रीकर नसतो आणि टिपही नसते. बाहेरच्या प्रत्येक बसून घ्यायच्या जेवणासाठी मेन्यूवरील किमतीला १.३ ने गुणावे. उरलेल्या जेवणांसाठी स्वयंपाकघर असलेली खोली मिळवावी. स्टायपेंड पुरवण्याचा त्याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

२. सुट्या नोटा जवळ ठेवा

एक आणि पाच डॉलरच्या नोटा, युरोपात एक आणि दोन युरोची नाणी. दुसऱ्या देशाची नाणी टिप म्हणून कधीही ठेवू नयेत, कारण ती घेणाऱ्याला बदलून मिळत नाहीत.

३. रक्कम ठरवण्याआधी बिल पूर्ण वाचा

‘सर्व्हिस चार्ज’ (सेवाशुल्क) किंवा ‘ग्रॅच्युइटी’ (इथे अर्थ बिलात आधीच जोडलेली टिप) हे शब्द बिलाच्या तळाशी, कराच्या आसपास शोधावेत. फ्रान्समध्ये ‘सर्व्हिस कॉम्प्री’ असे लिहिलेले दिसते, म्हणजे सेवेचा मोबदला दरातच आला. इटलीतील ‘कोपेर्तो’ मात्र टेबल आणि पावापोटी माणशी आकारली जाणारी रक्कम आहे. तिला टिप समजू नये, आणि ती लावली म्हणून वाढणाऱ्याशी वादही घालू नये.

४. अमेरिकेतील बिल आणि कार्डाची स्लिप

या पायरीवर सावकाश थांबायला हवे, कारण मी स्वतः इथे तीनदा चुकलो आणि माझ्यानंतर आलेले कितीतरी विद्यार्थी नेमके इथेच चुकताना पाहिले आहेत.

माझी पहिली इंटर्नशिप टेक्सासमध्ये होती. पहिल्याच आठवड्यात एका रेस्टॉरंटमध्ये एकटाच जेवलो. वेट्रेस कार्ड घेऊन गेली, फोनवर बँकेचा संदेश आला, आणि पैसे चुकते झाले असे समजून, तिने परत आणून ठेवलेल्या दोन कागदांकडे न पाहताच मी बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता हे सांगितल्यावर आमच्या गटातील एक वरिष्ठ अभियंता काही क्षण गप्प झाला आणि मग त्याने शांतपणे मला त्या वेट्रेसच्या पगाराचा हिशेब समजावून दिला. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, ज्यांना नियमित टिप मिळते अशा कामगारांना मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. टिप धरूनही तेवढी मिळकत होत नसेल तर फरक मालकाने भरून द्यायचा असतो. टेक्सासमध्ये हाच २.१३ चा दर लागू आहे. शिवाय अनेक ठिकाणी वाढणाऱ्याला आपल्या टिपेतला वाटा टेबल आवरणाऱ्याला आणि बारमधल्या माणसाला द्यावा लागतो, आणि तो वाटा कधी कधी मिळालेल्या टिपेवर न ठरता एकूण विक्रीवर ठरतो. म्हणजे टिप न देणाऱ्या गिऱ्हाइकामुळे तिला पदरचे पैसेही मोजावे लागू शकतात. त्या रात्री तिने मला तीनदा पाणी आणून दिले होते, हे मला आजही आठवते.

म्हणून माझे मत ठाम आहे: अमेरिकेत टेबलावर वाढून मिळालेल्या जेवणाची टिप हा जेवणाच्या किमतीचाच भाग मानावा. ती परवडत नसेल तर काउंटरवरून घेऊन खावे. त्यात कमीपणा नाही. ‘सेवा आवडली तरच द्यावी’ हे वाक्य तिथे लागू होत नाही. सेवा खरोखरच वाईट असेल तर व्यवस्थापकाला बोलावून स्पष्ट सांगावे. रागाने एक सेंट ठेवून जाण्याचा सल्ला देणाऱ्यांचे ऐकू नये. अलास्का, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मॉन्टाना, नेवाडा, ओरेगन आणि वॉशिंग्टन या सात राज्यांत मालकाला टिपेच्या नावाखाली पगार कमी करता येत नाही, परंतु तिथेही टिपेची प्रथा तीच आहे, त्यामुळे तिथली इंटर्नशिप मिळाली म्हणून वेगळा हिशेब करू नये.

आता प्रत्यक्ष कृती. वाढणारी व्यक्ती आधी नुसते बिल आणते. ते वाचून त्याबरोबर कार्ड ठेवावे. ती कार्ड नेऊन परत येते तेव्हा सोबत स्लिपच्या दोन प्रती असतात, एक दुकानाची आणि एक ग्राहकाची. बँकेचा जो संदेश येतो तो फक्त मूळ बिलाच्या रकमेचा असतो. अंतिम रक्कम तुम्ही स्लिपवर जे लिहाल त्यानुसार नंतर नोंदली जाते. दुकानाच्या प्रतीवर टिपेची ओळ, तिच्याखाली एकूण रकमेची ओळ आणि त्याखाली स्वाक्षरीची जागा असते. या तिन्ही जागा भराव्यात, आणि एकूण रकमेची ओळ कधीही कोरी ठेवू नये. टिप रोख द्यायची असेल तर टिपेच्या ओळीवर ‘कॅश’ असे लिहून एकूण रकमेत मूळ बिलाचाच आकडा भरावा. दुकानाची प्रत टेबलावर ठेवावी, ग्राहकाची प्रत स्वतःजवळ घ्यावी. मी एकदा घाईत बरोबर उलटे केले होते. भरलेली, सही केलेली प्रत खिशात घातली आणि कोरी मागे ठेवली.

टक्के कराआधीच्या रकमेवर काढावेत. समजा, ह्यूस्टनमध्ये २४ डॉलरचे जेवण घेतले. तिथला विक्रीकर ८.२५ टक्के, म्हणजे १.९८ डॉलर, बिल झाले २५.९८. टिप २४ डॉलरवर काढायची. अठरा ते वीस टक्के ही आजची नेहमीची पातळी. वीस टक्क्यांनी ४.८० होतात आणि स्लिपवरची एकूण रक्कम ३०.७८ होते. ‘कराच्या दुप्पट टिप द्या’ असा एक सोपा म्हणून सांगितला जाणारा उपाय सर्रास फिरत असतो. न्यूयॉर्क शहरात कर ८.८७५ टक्के असल्यामुळे तो जवळपास जुळतो, पण ओरेगन, मॉन्टाना, डेलावेअर आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत सर्वसाधारण विक्रीकरच नाही, तिथे या हिशेबाने टिप शून्य येईल. त्यापेक्षा रकमेचा दशांश काढून दुप्पट करावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते जड जाऊ नये.

माझी आणखी एक चूक पहिलीच्या नेमकी उलट होती. पहिल्या प्रसंगाने ओशाळलेला मी, महिन्याभराने गटातील सहकाऱ्यांबरोबर जेवायला गेलो तेव्हा उत्साहाने वीस टक्के लिहून मोकळा झालो. आम्ही सातजण होतो, आणि सहा किंवा त्याहून अधिक माणसांच्या टेबलाला अठरा टक्क्यांच्या आसपास ग्रॅच्युइटी आपोआप लावण्याची पद्धत अनेक रेस्टॉरंटांत आहे. माझ्या वाट्याच्या ३० डॉलरवर ५.४० आधीच लागले होते आणि मी त्यावर आणखी सहा लिहिले. अडचण अशी की ग्रॅच्युइटी लागलेली असली तरी स्लिपवर टिपेची कोरी ओळ तशीच छापून येते, आणि कार्डाच्या स्लिपवर बिलाचा तपशील नसतो. म्हणून कार्ड देण्यापूर्वी मूळ बिल वाचावे. ते परत नेल्यानंतर शोधाशोध करण्यात अर्थ नसतो. ग्रॅच्युइटी लागली असेल तर टिपेच्या ओळीवर आडवी रेघ मारावी आणि कसलाही संकोच बाळगू नये.

काउंटरवर कॉफी घेताना टॅब्लेटचा पडदा तुमच्याकडे वळवला जातो आणि त्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्क्यांची बटणे दिसतात. मागे रांग असते आणि भांबावून मधले बटण दाबले जाते. तिथे टिप देणे बंधनकारक नाही. ‘नो टिप’चे किंवा स्वतः रक्कम भरण्याचे बटण शोधून शांतपणे आपला निर्णय घ्यावा. पडद्यावरचे टक्के कधी कधी करासहित रकमेवर काढलेले असतात, हेही लक्षात असू द्यावे.

५. अमेरिकेतील उरलेले प्रसंग

टॅक्सीला पंधरा ते वीस टक्के, बारमध्ये साध्या पेयाला एक डॉलर, सामान खोलीत पोचवणाऱ्याला प्रत्येक बॅगेमागे एक-दोन डॉलर. हॉटेलची खोली साफ करणाऱ्यांसाठी रोज दोन ते पाच डॉलर, ‘हाउसकीपिंग’ असे लिहिलेल्या कागदासोबत ठेवावेत. शेवटच्या दिवशी एकदम ठेवले तर ते त्या दिवशी आलेल्या माणसालाच मिळतात, आणि आठवडाभर खोली आवरणारी व्यक्ती दुसरीच असू शकते.

६. युरोपात बोलून द्या

जर्मनीत टिप टेबलावर ठेवून जाण्यापेक्षा पैसे देतानाच तोंडी सांगण्याची रीत आहे. बिल १७.४० युरो झाले आणि तुम्ही वीसची नोट दिली, तर ‘नॉइनत्सेन’, म्हणजे एकोणीस, एवढे म्हणावे. एक युरो परत मिळतो. संपूर्ण उरलेली रक्कम ठेवून घ्यायला सांगायचे असेल तर ‘श्टिम्ट झो’ म्हणावे. नोट पुढे करताना ‘डांके’ (धन्यवाद) म्हणू नये, कारण त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘उरलेले ठेवा’ असाच घेतला जातो. आभार सुटे पैसे हाती आल्यावर मानावेत. पाच ते दहा टक्के, आकडा वर नेऊन पूर्ण करून, पुरेसे होतात. कार्डाने देतानाही यंत्रावर रक्कम टाकली जाण्यापूर्वी सांगावे, नंतर बदलणे कटकटीचे होते.

फ्रान्समध्ये १९८७ पासून दर्शनी किमतींत सेवेचा मोबदला धरलेला असावा लागतो, त्यामुळे एखाद-दोन युरो ठेवणे हा केवळ सौजन्याचा भाग आहे. ब्रिटनमध्ये बसून जेवताना साडेबारा टक्क्यांपर्यंत सेवाशुल्क लावलेले आढळते आणि ते ऐच्छिक असल्याचे लिहिलेले असेल तर काढायला सांगता येते. मी सहसा काढायला सांगत नाही, कारण इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशी संपूर्ण रक्कम मालकाला कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते. ते शुल्क लागले असेल तर वर आणखी काही देण्याची गरज नाही.

७. जिथे देऊ नये

जपानमध्ये रेस्टॉरंटात किंवा टॅक्सीत टिप ठेवू नये. विसरलेले पैसे समजून कर्मचारी ते परत द्यायला तुमच्यामागे येतात आणि तुम्ही नको म्हटल्यावर त्यांची पंचाईत होते. र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहात, खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या ‘नाकाई-सान’ना ‘कोकोरोझुके’ (आभारादाखल रक्कम) देण्याची जुनी रीत आहे, परंतु ती रक्कम लहान पाकिटात घालून, बहुधा आल्यावर सुरुवातीलाच दिली जाते, आणि तीही ऐच्छिक असते. उघडी नोट हातात ठेवणे तिथे असभ्य वाटते. दक्षिण कोरियातही सर्वसाधारणपणे टिपेची अपेक्षा नसते, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये न देणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

८. इंटर्नशिपच्या ठिकाणी

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, कार्यालयातील सुरक्षारक्षक, व्हिसा किंवा नोंदणी कार्यालयातील अधिकारी यांना टिप देण्याचा विचारही करू नये; अधिकाऱ्याच्या बाबतीत ती लाच ठरते. मार्गदर्शक अभियंता जेवायला घेऊन गेला आणि बिल त्याने उचलले, तर टेबलावर स्वतंत्र नोट ठेवू नये, आभार मानावेत. कंपनीच्या कामासाठी प्रवास करावा लागला तर प्रवासाआधीच खर्चाचे नियम विचारून घ्यावेत, कारण टिपेची भरपाई किती टक्क्यांपर्यंत मिळेल हे प्रत्येक कंपनी वेगळे ठरवते. मूळ बिलाचा आणि स्लिपच्या ग्राहक-प्रतीचा फोटो त्याच वेळी काढावा, त्या प्रतीवर टिप आणि एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहून घ्यावी, आणि दोन-तीन दिवसांनी बँकेत अंतिम नोंद आली की ती तिच्याशी ताडून पाहावी. आकडा जुळला नाही तर फोटो घेऊन आधी रेस्टॉरंटच्या व्यवस्थापकाकडे जावे. माझ्या बाबतीत दोनदा तसे झाले आणि दोन्ही वेळा दुरुस्ती तिथल्या तिथे झाली.