चुसॉकचे सोंगप्यॉन घरी कसे करावेत

कोरियात आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला चुसॉक साजरा होतो. हानगावी हे त्याचं आणखी एक नाव. पौर्णिमा, तिचा आदला दिवस आणि नंतरचा दिवस अशी तीन दिवसांची सुट्टी असते. सोलहून निघणाऱ्या रेल्वेची तिकिटं कितीतरी आधी संपतात आणि महामार्गांवर गाड्यांची रांग लागते, कारण ज्याला त्याला आपल्या गावी पोचायचं असतं. आपल्या पंचांगाशी हा सण जवळून जुळतो. 2025 मध्ये चुसॉक आणि कोजागरी 6 ऑक्टोबरला एकाच दिवशी आले होते. 2026 मध्ये चुसॉक 25 सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दिवशी आहे.

सणाच्या सकाळी घरात 'चारये' होतो. पूर्वजांसमोर नव्या तांदळाचे पदार्थ, फळं आणि तांदळाचं मद्य मांडून सगळे वाकून नमस्कार करतात. त्या मांडणीत सोंगप्यॉन हवेतच. हे तांदळाच्या पिठाचे, आत गोड सारण भरलेले, अर्धचंद्राच्या आकाराचे आणि पाइनच्या पानांवर वाफवलेले घास. उकडीचे मोदक करणाऱ्या हाताला यातलं अर्धं काम येतंच. चुका होतात त्या उरलेल्या अर्ध्यात, मोदकाच्या सवयीने पुढे गेल्यामुळे. म्हणून तिथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

तांदूळ आणि पिठी

कोरियन तांदूळ आखूड आणि शिजल्यावर चिकट होणारा असतो. आपल्याकडे त्याला जवळचा म्हणजे इंद्रायणी. बासमतीच्या पिठीचे सोंगप्यॉन गार होताच चिरतात, तेव्हा ती वापरू नये.

कोरियात तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून गिरणीत ओलाच दळून आणतात. घरीही ते जमतं. दोन वाट्या तांदूळ सहा ते आठ तास भिजवावेत, चाळणीत अर्धा तास निथळावेत आणि पाणी न घालता मिक्सरमध्ये थोडे थोडे बारीक करून चाळून घ्यावेत. मुठीत दाबली की गोळा होणारी, बोटाने टोचलं की फुटणारी दमट पिठी मिळते. एवढा खटाटोप नको असेल तर दुकानातली मोदकाची कोरडी पिठी घ्यावी, मात्र तिला पाणी बरंच जास्त लागतं. माझं मत विचाराल तर ओली पिठीच करा. चावताना जो तलम लवचिकपणा लागतो, तो तिच्यातूनच येतो.

मळणं

मोदकासाठी आपण पातेल्यात उकळत्या पाण्यात पिठी घालून उकड काढतो. इथे उकड काढायची नाही. परातीत पिठी घ्यावी, अर्धा चमचा मीठ घालावं आणि वरून उकळतं पाणी थोडं थोडं ओतत आधी चमच्याने, मग हाताने मळावं. ओल्या पिठीला चार-पाच मोठे चमचे पाणी पुरतं. दोन वाट्या कोरड्या पिठीला पाऊण ते एक वाटी लागेल. शेवटचे दोन चमचे पाणी हात लावून पाहिल्याशिवाय ओतू नये.

आता खरी मेहनत. दहा मिनिटं तळव्याने रेटून मळायचं. सुरुवातीला गोळा खडबडीत असतो आणि कडेने फाटतो. मळत गेलं की तो गुळगुळीत, जड आणि किंचित चकचकीत होतो. कोरियन घरांत त्याची तुलना कानाच्या पाळीशी करतात: एका हाताने पाळी दाबायची, दुसऱ्याने गोळा, आणि दोन्हींचा मऊपणा सारखा लागला की थांबायचं. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं.

रंग हवे असतील तर गोळ्याचे भाग करून याच वेळी मिसळावेत. कोरियात हिरव्यासाठी 'सुक' नावाची सुगंधी रानभाजी, गुलाबीसाठी ओमिजाची फळं आणि पिवळ्यासाठी चिजाची फळं किंवा भोपळा वापरतात. आपल्याला वाफवलेला लाल भोपळा आणि बीट सहज मिळतात. पालकाने रंग येईल, सुकचा कडवट सुगंध मात्र येणार नाही.

सारण

तीळ, मूग, चवळीसारख्या डाळी, चेस्टनट, खारकेसारखं सुकं फळ असं काहीही भरतात. पहिल्यांदा करताना तिळाचं सारण घ्यावं. अर्धी वाटी पांढरे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून जाडसर कुटावेत आणि त्यात दोन मोठे चमचे साखर, एक चमचा मध व चिमूटभर मीठ घालावं. मध वाढवू नये. वाफेत तो पातळ होतो, जिथे फट असेल तिथून बाहेर येतो आणि सोंगप्यॉन पोकळ राहतो. तिळाची अगदी बारीक पूडही करू नये, दाताखाली कण यायला हवेत.

भरणं आणि मिटणं

लिंबाहून जरा लहान गोळी घ्यावी, अंगठ्याने मध्ये दाबून वाटी करावी, छोटा चमचाभर सारण भरावं आणि कडा मिटाव्यात. मोदकाची पारी जितकी पातळ तितकी कौतुकाची. सोंगप्यॉनची भिंत जाड ठेवायची असते, कारण खाणाऱ्याला तांदळाची चव आधी यायला हवी.

मिटल्यावर लगेच आकार देऊ नये. गोळी मुठीत धरून चार-पाच वेळा घट्ट दाबावी. आत अडकलेली हवा निघाली की पीठ आणि सारण एकमेकांना धरून बसतं. हवा राहिली तर वाफेत ती फुगते आणि शिवण उकलते. हवा काढून झाली की दोन्ही तळव्यांत अर्धचंद्र वळावा. प्रांताप्रांताची रीत वेगळी आहे. सोलचे सोंगप्यॉन एका घासाचे, गांगवॉनमध्ये बटाट्याच्या स्टार्चचे, ज्यांच्यावर बोटांचे ठसे मुद्दाम ठेवतात, आणि जेजू बेटावर चपटे गोल, मध्ये खळगा असलेले. ज्याचे सोंगप्यॉन सुबक त्याला देखणं मूल होतं, असंही म्हणतात.

एकत्र बसून सोंगप्यॉन वळण्याची रीत मला आवडते ती वेगळ्या कारणासाठी. पूर्वी सणाच्या आदल्या संध्याकाळी सगळं घर परातीभोवती बसून सोंगप्यॉन वळायचं. आता पुष्कळ जण दुकानातून तयार आणतात. पण बाकीची तयारी, विशेषतः तासन्‌तास तळण, वर्षानुवर्षं सुनांच्या अंगावर पडत आली आहे. 2022 मध्ये कन्फ्यूशियन परंपरेची मोठी संस्था असलेल्या सुंगक्युनक्वानने चारयेची साधी मांडणी जाहीर केली. सोंगप्यॉन, भाज्या, भाजलेला पदार्थ, किमची, फळं आणि मद्य पुरे, तळलेलं ठेवायलाच हवं असं नाही, असं त्यांनी सांगितलं. हे फार आधी सांगायला हवं होतं. तुम्ही करताना मदतीला बसणाऱ्यांत पुरुष आणि मुलं असतीलच, हे आधी ठरवून टाका.

वाफवणं

मोदकपात्राच्या चाळणीत पाइनच्या धुतलेल्या पानांचा पातळ थर पसरावा. पानं सोंगप्यॉनला चिकटू देत नाहीत, त्यांचा रानातला वास पिठात उतरतो आणि पदार्थ लवकर खराब होत नाही. मात्र झाड पाइनचंच आहे आणि त्यावर फवारणी झालेली नाही याची खात्री हवी. कुंडीतली शोभेची 'ख्रिसमस ट्री' अजिबात वापरू नये. खात्री नसेल तर ओलं सुती फडकं किंवा केळीचं पान घालावं, तेवढा वास गेला तरी चालेल.

पाणी खळखळू लागल्यावर सोंगप्यॉन एकमेकांना न टेकवता ठेवावेत आणि मोठ्या आचेवर 20 मिनिटं वाफवावेत. आच बंद करून पाच मिनिटं झाकलेलेच ठेवावेत. मग गार पाण्यात क्षणभर बुडवून लगेच निथळावेत. त्याने वरचं आवरण घट्ट बसतं आणि पानं निघून येतात. शेवटी तळव्याला तिळाचं तेल लावून प्रत्येकावरून हात फिरवावा. कोरियन तेल भाजलेल्या तिळांचं, गडद आणि खमंग असतं. आपलं घाण्याचं कच्च्या तिळांचं तेल चालेल, पण थेंबभरच लावावं. एवढ्या पिठात 18 ते 20 सोंगप्यॉन होतात.

मांडणं आणि ठेवणं

चारयेनंतर कुटुंब पूर्वजांच्या समाधींवर जातं. समाधीवरचं गवत त्याआधीच्या आठवड्यांत जाऊन कापलेलं असतं. बरोबर खाणं नेतात आणि तिथेच बसून खातात. तुम्हाला कोरियन कुटुंबाने सणाला बोलावलं, जे पुण्याजवळ रांजणगाव-तळेगावकडे काम करणाऱ्यांच्या बाबतीत घडू शकतं, तर नाशपती किंवा सफरचंदांची पेटी न्यावी. चुसॉकला फळांची पेटी भेट देण्याची रीत आहे.

सोंगप्यॉन त्याच दिवशी संपवावेत. फ्रिजमध्ये ते दगडासारखे होतात. उरले तर गार झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि खायच्या वेळी न वितळवता तसेच दहा मिनिटं वाफवावेत. तेल पुन्हा लावावं.