जुन्या अ‍ॅम्पची खरखर घरच्या घरी कशी घालवायची

व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते, नाहीतर एका बाजूचा स्पीकर मधेच गप्प होतो, म्हणून लगेच अ‍ॅम्प (आवाज मोठा करून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर) भंगारात काढू नका हो, बहुतेक वेळा आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे भाग, काळे पडलेले असतात आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे होणारच.

आधी प्लग काढा. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला सेट असेल तर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) २००-३०० व्होल्ट राहू शकतात, डिस्चार्ज करता, म्हणजे ती साठलेली वीज काढून टाकता येत नसेल तर आत हात घालूच नका, मेकॅनिककडे द्या.

मग व्हॉल्यूमच्या पॉटला (नॉबच्या मागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) टर्मिनलजवळ, म्हणजे तारा जोडलेल्या टोकांजवळ, बारीक फट दिसते, तिथे नळीने कॉन्टॅक्ट क्लीनरचा (कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे) एकच छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २५-३० वेळा फिरवा, खरं काम त्या फिरवण्यानेच होतं. सिलेक्टर स्विचलाही (रेडिओ, टेप वगैरे निवडायचा) तसंच. पॉलिशपेपर अजिबात नको, कॉन्टॅक्टवरचा चांदीचा मुलामा पातळ असतो, एकदा घासला की गेला.

मागचे आरसीए जॅक (ऑडिओ केबल खोचायच्या गोल जागा) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. सगळं नीट सुकलं की मगच प्लग लावा.